बिटशेअर्सवर बिटयूएसडी शॉर्ट करणे: उसनं कोणाकडून घेतो, आणि तारण नेमकं कधी कापलं जातं?

ओसरीवरचा

नमस्कार मंडळी. डॉलरला बांधलेल्या नाण्यांचा अभ्यास चालू आहे, त्यात बिटशेअर्स ही ब्लॉकचेन आणि तिच्यावरचं डॉलरला बांधलेलं बिटयूएसडी नाणं इथे अडलोय. शेअर बाजारातलं शॉर्ट कळतं: कोणाचे तरी शेअर उसने घ्यायचे, विकायचे, भाव पडला की स्वस्तात घेऊन परत करायचे. इथे मात्र काही गोष्टी जुळत नाहीत.

बिटयूएसडी शॉर्ट करताना उसनं देणारा कोण असतो? एका जुन्या मार्गदर्शिकेत लिहिलंय की शॉर्ट ऑर्डरवर व्याजाचा दर लिहावा लागतो आणि ३० दिवसांत सौदा मिटवावा लागतो. वॉलेटच्या पडद्यावर व्याजाचा रकाना नाही आणि मुदतही नाही. १७५ टक्के आणि ११० टक्के हे दोन आकडे सगळीकडे दिसतात, पण कुठला कधी लागतो ते एकाच ठिकाणी सांगितलेलं सापडत नाही. शिवाय, दुसऱ्या कोणाच्या मर्जीने माझा सौदा बंद होऊ शकतो असं वाचलं. ते खरं आहे का?

आकडे घालून सांगितलंत तर बरं होईल.

---

तारणवाला

तुमचा निम्मा गोंधळ दोन वेगळ्या काळांचे लेख एकत्र वाचल्यामुळे झालाय. बिटशेअर्स जुलै २०१४ मध्ये सुरू झालं, डॅनियल लॅरिमर यांच्या चमूने केलेलं. तेव्हा 'शॉर्ट ऑर्डर' ही खरोखर वेगळ्या जातीची ऑर्डर होती. शॉर्ट करणारा तारण ठेवायचा, आपण किती व्याज देऊ ते लिहायचा, आणि हवी तर भावाची मर्यादा घालायचा. सौदा व्हायचा तो १०१ प्रतिनिधींनी (नाणेधारकांनी निवडलेले, ब्लॉक बनवणारे) कळवलेल्या भावाला, आणि जास्त व्याज देणाऱ्याचा नंबर आधी लागायचा. ते व्याज बिटयूएसडी धरून बसलेल्यांना मिळायचं. ३० दिवस झाले की कव्हर करणं, म्हणजे बिटयूएसडी परत घेऊन कर्ज फेडणं, भाग. तुमची मार्गदर्शिका त्या काळातली आहे.

१३ ऑक्टोबर २०१५ ला बिटशेअर्स २.० आलं आणि हे सगळं गेलं. व्याज नाही, मुदत नाही, शॉर्टची वेगळी रांग नाही. आता शॉर्ट म्हणजे दोन सुटी कामं: आधी बिटयूएसडी उधार घ्यायचे, मग ते साध्या विक्रीच्या ऑर्डरीने विकायचे.

उधार कोणाकडून? कोणाकडूनच नाही. सोनेतारण कर्जात पेढी तिच्या तिजोरीतले पैसे देते. इथे तिजोरी नाहीच. तुम्ही बीटीएस, म्हणजे बिटशेअर्सचं स्वतःचं नाणं, तारण ठेवता आणि त्या क्षणी नवे बिटयूएसडी जन्माला येतात, तुमच्या नावावर कर्ज म्हणून. कर्ज फेडलंत की तेवढे बिटयूएसडी नष्ट होतात. बाजारात फिरणाऱ्या प्रत्येक बिटयूएसडीमागे कोणीतरी एक शॉर्टवाला बीटीएस अडकवून बसलेला असतो.

आता आकडे. खालचं गणित २.० नंतर बिटयूएसडीला लागू असलेल्या नियमांवर आहे (१७५, ११० हे आकडे बदलले जातात, आजचे नाण्याच्या पानावर पाहा), भाव सोयीसाठी घेतलेत.

फीड म्हणजे साक्षीदारांनी (२.० मधले निवडून आलेले, ब्लॉक बनवणारे) कळवलेला भाव: १ बीटीएस = ०.०५ डॉलर. म्हणजे १ बिटयूएसडी = २० बीटीएस.
उधार: १,००० बिटयूएसडी. त्याची किंमत २०,००० बीटीएस.
तारण: ५०,००० बीटीएस. गुणोत्तर (तारण ÷ कर्ज) २.५.

बाजाराच्या पानावर 'उधार' असं बटण असतं. त्यात कर्जाचा आकडा टाकायचा, गुणोत्तराची पट्टी सरकवायची, मंजूर करायचं. ३ सेकंदांचा ब्लॉक असल्याने बिटयूएसडी लगेच खात्यात दिसतात. इथवर तुम्ही शॉर्ट झालेला नाहीत! कर्ज आहे आणि तेवढेच बिटयूएसडी हातात आहेत, हिशोब शून्य. ते विकून २०,००० बीटीएस घेतलेत की मग शॉर्ट.

एक बारीक गोष्ट. सगळे बीटीएस तारणात घालू नका. तारण बदलण्याच्या प्रत्येक व्यवहाराला शुल्क बीटीएसमध्ये लागतं आणि अडकलेल्या तारणातून ते जात नाही. ऐन घसरणीत तारण वाढवायला गेलात आणि खात्यात शुल्कापुरतेही बीटीएस नसले, तर नुसतं बघत बसावं लागतं.

---

उलटा_भाव

तारणवाल्यांनी बरोबर सांगितलंय, पण मुख्य खाचखळगा राहिला. 'शॉर्ट' या शब्दाने फसू नका. तुम्ही डॉलर शॉर्ट करताय, म्हणजे बीटीएसवर तेजी करताय. बीटीएस पडणार असं वाटत असेल तर बिटयूएसडी *विकत घ्यायचे* असतात, शॉर्ट करायचे नसतात. शेअर बाजारातून आलेला माणूस 'शॉर्ट म्हणजे मंदी' ही खूणगाठ घेऊन येतो आणि उलट्या बाजूला उभा राहतो.

यात तेल ओततो तो पडदा. एकच बाजार दोन्ही बाजूंनी उघडता येतो. एका पानावर भाव २० दिसतो, दुसऱ्यावर ०.०५. पान उलटलं की खरेदी-विक्रीचे रकाने आणि आलेख दोन्ही उलटतात. वरच्या उदाहरणात मार्जिन कॉलचा (तारण कमी पडून ते सक्तीने विकलं जाण्याचा) भाव एका पानावर २८.५७ दिसेल, म्हणजे आत्ताच्या भावाच्या *वर*, आणि दुसऱ्यावर ०.०३५, म्हणजे *खाली*. दोन्ही एकच. धोका वर आहे की खाली ते विसरलात, तर सुटकेची ऑर्डर उलट्या दिशेला लावून बसाल.

म्हणून एकच पान ठरवा आणि ते कधी उलटवू नका. मी ०.०५ वालं सुचवेन, कारण तिथे 'बीटीएस पडला तर माझं नुकसान' हे डोळ्यांना सरळ दिसतं.

---

गणिती_काका

१७५ आणि ११० चं सांगतो.

१७५ टक्के ही देखभालीची पातळी. तारणाची किंमत कर्जाच्या १.७५ पटीखाली गेली की मार्जिन कॉल. ५०,००० बीटीएस आणि १,००० कर्ज असेल, तर ५०,००० × भाव = १,७५०. भाव निघतो ०.०३५. तिथवर बीटीएस ३० टक्के पडलेला असतो. क्रिप्टोत ३० टक्के म्हणजे काही फार नाही, हे आधीच लक्षात घ्या.

११० टक्के हा पिळवणुकीवरचा लगाम. मार्जिन कॉल लागला की यंत्रणा तुमच्या तारणातून बिटयूएसडी विकत घ्यायला निघते. समोरचे विक्रेते अडवून वाटेल तो भाव मागतील, म्हणून नियम आहे की फीडच्या १.१ पटीपेक्षा जास्त भाव तुमच्या तारणातून दिला जाणार नाही.

फीड ०.०३४ झालं असं धरा.

१ बिटयूएसडी = २९.४१ बीटीएस.
गुणोत्तर = ५०,००० ÷ २९,४१२ = १.७०. कॉल लागला.
जास्तीत जास्त भाव = २९.४१ × १.१ = ३२.३५ बीटीएस.
१,००० बिटयूएसडी परत घ्यायला खर्च = ३२,३५३ बीटीएस.
तारणातून परत आले = १७,६४७ बीटीएस.

सुरुवातीला विकून मिळालेले २०,००० जवळ आहेत असं धरलं तर एकूण ३७,६४७ बीटीएस. सुरुवात ५०,००० ने झाली होती. ०.०३४ भावाने हातात राहिले १,२८० डॉलर. काहीच न करता नुसते बीटीएस धरून बसला असतात तर १,७०० राहिले असते. त्या ४२० च्या फरकातले १०० डॉलर निव्वळ ११० टक्क्यांच्या पिळवणुकीचे. उरलेलं नुकसान भाव चुकल्याचं, त्याला इलाज नाही.

लक्षात घ्या, ११० हा कमाल आकडा आहे. ऑर्डर बुकात (थांबलेल्या खरेदी-विक्रीच्या ऑर्डरींच्या यादीत) कोणी ३०.५ ला विकत असेल तर त्याच भावाने सौदा होतो. आणि कमाल भावाच्या आत कोणीच विकायला तयार नसेल तर? मग कॉल तसाच लटकून राहतो, तारण आणखी झिजत जातं. पातळ बाजारात खरा घात तिथे होतो.

मंजूर करायच्या आधी तीन भाव कागदावर लिहून ठेवा: आत्ताचं फीड, कॉलचा भाव, आणि गुणोत्तर १.१ होईल तो भाव. वरच्या उदाहरणात ०.०५, ०.०३५ आणि ०.०२२. तिसरा का, ते खाली कोणीतरी सांगेलच.

---

वायदेवाला

काका, ३० टक्क्यांना इतकं घाबरायचं असेल तर या बाजारात यायचंच कशाला? २ पट गुणोत्तर पुरे. फीडवर नजर ठेवायची, पडायला लागलं की तारण टाकायचं. २.५ ठेवून भांडवल नुसतं पडून राहतं.

---

गणिती_काका

२ पटीला कॉल ०.०४३७५ ला लागतो. म्हणजे फक्त साडेबारा टक्के घसरण. तेवढी एका रात्रीत होते आणि तुम्ही झोपलेले असता. शिवाय तुम्ही सांगताय त्या वेळेलाच सगळे तारण टाकायला धावतात, त्यासाठी बीटीएस बाहेरून आणायचे तर एक्स्चेंजवरून निघायलाच वेळ लागतो. २ पट ठेवायचं असेल तर तारणाएवढेच सुटे बीटीएस शेजारी ठेवा, आणि मग मला सांगा भांडवल कुठे वाचलं.

---

फीडबघ्या

वायदेवाल्यांच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, पण त्यासाठी वेगळं हत्यार आहे. २०१८ पासून 'लक्ष्य गुणोत्तर' लावता येतं. ते नसेल तर कॉल लागल्यावर *अख्खं* कर्ज विकत घेण्यासाठी ऑर्डर उभी राहते. लक्ष्य लावलं असेल, तर गुणोत्तर त्या पातळीला परत येईपर्यंत लागेल तेवढंच घेतलं जातं.

काकांच्याच उदाहरणात लक्ष्य २.० लावलं, तर कमाल भावानेही साधारण ३३३ बिटयूएसडी घेतले की भागतं. तारणातून गेले सुमारे १०,७८४ बीटीएस, उरलं ३९,२१६ बीटीएस आणि कर्ज ६६७. गुणोत्तर बरोबर २.०. पिळवणुकीचा भुर्दंडही एकतृतीयांशावर आला. मात्र बीटीएस पडतच राहिला तर पुन्हा कॉल लागेल, पुन्हा एक लचका तुटेल. एकदम कापलं जाण्यापेक्षा हे बरं, पण ही ढाल आहे असं समजू नका.

आता फीडबद्दल. कॉल ऑर्डर बुकातल्या भावावर लागत नाही, फीडवर लागतो. साक्षीदार बाहेरच्या एक्स्चेंजांवरचे भाव घेऊन आपापला आकडा साखळीवर टाकतात आणि त्यांचा *मध्यक*, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधला आकडा, धरला जातो, सरासरी नाही. एखाद्याने वेडावाकडा आकडा टाकला तरी मध्यक हलत नाही, तो फायदा. तोटा असा की बुकातला भाव आणि फीड यांत फरक पडतो. बुकात ०.०३७ ला सौदे होताना पाहून तुम्ही निर्धास्त, आणि फीड ०.०३४८. कॉल लागलेला असतो. म्हणून आलेखाकडे बघत बसण्यात अर्थ नाही, फीडचा आकडा बघा.

---

ओसरीवरचा

फारच उपयोगी. 'शॉर्ट म्हणजे बीटीएसवर तेजी' या एका वाक्याने निम्मं सुटलं. तीन शंका उरल्यात. सक्तीची तडजोड म्हणजे काय, माझा सौदा दुसरा कोणी बंद करू शकतो का, आणि काकांचा तो तिसरा भाव कशाला?

---

तारणवाला

सक्तीची तडजोड: बिटयूएसडी धरणारा कोणीही म्हणू शकतो, 'मला बाजारात विकायचं नाही, फीडच्या भावाने बीटीएस द्या.' विनंती नोंदवली की ठरलेला अवधी जातो, सहसा २४ तास, आणि मग त्या वेळच्या फीडने व्यवहार होतो. ते बीटीएस जातात *सर्वांत कमी गुणोत्तर असलेल्या* शॉर्टच्या तारणातून, आणि तेवढं त्याचं कर्ज फिटतं. एका वेळी एकूण चलनाच्या किती टक्के तडजोड होईल यावर मर्यादा असते, आणि फीडपेक्षा थोडा कमी भाव देण्याची तरतूदही लावता येते. हे आकडे त्या त्या नाण्याच्या नियमावलीत असतात आणि बदलले जातात, तेव्हा नाण्याचं पान उघडून आजचा आकडा पाहा, कुठल्याही लेखातला धरू नका. माझ्या या उत्तरातलाही नाही.

म्हणजे हो, दुसरा कोणीही तुमचा सौदा बंद करू शकतो. फीडच्याच भावाने होत असल्याने थेट दंड नाही. पण 'बीटीएस वर येईपर्यंत थांबतो' म्हणून बसलेल्याला ऐन तळाला बाहेर काढलं जातं, त्याचं दुखणं मोठं.

ही तरतूद नसती तर डॉलरशी बांधणी टिकलीच नसती. बाजारात बिटयूएसडी ०.९५ ला मिळायला लागला की कोणीतरी तो घेतो, तडजोडीला टाकतो आणि दुसऱ्या दिवशी एक डॉलरचे बीटीएस उचलतो. तो पाच सेंट कमावतो आणि भाव वर ढकलतो. त्याची किंमत शॉर्टवाला मोजतो.

यातून निघणारी गोष्ट एवढीच की तुमचं गुणोत्तर २.५ आहे का ३ याइतकंच रांगेत तुमच्या *खाली* किती कर्ज उभं आहे हेही पाहायचं. सगळ्यांची तारणं साखळीवर उघडी असतात, यादी लावून बघता येते. बाकीचे ४ पटीवर असतील तर तुमचं ३ सुद्धा रांगेच्या टोकाला.

---

फीडबघ्या

आता तिसरा भाव. सर्वांत कमकुवत शॉर्टचं गुणोत्तर घसरत घसरत इतकं खाली गेलं की कमाल भावाने, म्हणजे फीडच्या १.१ पटीने, त्याचं कर्ज फिटण्याइतकंही तारण उरत नाही, तर त्या नाण्याची सार्वत्रिक तडजोड होते. लोक त्याला काळा हंस म्हणतात. त्या क्षणी *सगळ्यांचे* शॉर्ट एकाच भावाने बंद होतात, तुमचं गुणोत्तर ६ पट असलं तरी. कर्जापुरतं तारण एका सामाईक निधीत जातं, उरलेलं तुम्हाला परत. नवं उधार बंद. बिटयूएसडी धरणाऱ्याला यापुढे प्रत्येकी ठराविक *बीटीएस* मिळतात, डॉलर नव्हे. म्हणजे बांधणी तुटली. बीटीएस आणखी पडला तर त्याचे बिटयूएसडीही पडतात.

हे कागदावरचं नाही. २०१८ च्या अखेरीस बीटीएस कोसळला तेव्हा बिटयूएसडीचं हेच झालं. नंतर लोक तारणाची बोली लावून नाणं पुन्हा उभं करू शकतात, तशी सोय आहे, पण बोली लावणाऱ्याला पटलं तरच.

मुळातली अडचण रचनेतच आहे. तारण म्हणून ज्या नाण्यावर सगळे तेजी करून बसलेत, तेच नाणं पडल्यावर सगळ्यांना एकाच वेळी बिटयूएसडी हवे असतात. विकणारा कोणीच नसतो, कारण बिटयूएसडी तयार करतो तो शॉर्टवालाच. डिसेंबर २०१७ मध्ये आलेल्या मेकर प्रकल्पाच्या पहिल्या डायमध्ये (तेही डॉलरला बांधलेलं नाणं) इथर, म्हणजे इथेरियमचं नाणं, तारण होतं, पातळी १५० टक्के आणि दंड १३ टक्के. आकडे वेगळे, दुखणं तेच. १२ मार्च २०२० ला इथर कोसळला तेव्हा मेकरच्या नंतरच्या डायच्या लिलावांत काही तारणं शून्य बोलीला गेली, समोर बोली लावणारंच कोणी नव्हतं.

---

उलटा_भाव

बाहेर पडण्याबद्दल कोणी बोललं नाही. तिथेही लोक ठेचकाळतात.

सौदा बंद करायला १,००० बिटयूएसडी बाजारातून परत घ्यायचे, 'मार्जिन पोझिशन' पानावर कर्ज शून्य करायचं, तारण सुटतं. पण बाजारशुल्क *मिळणाऱ्या* नाण्यातून कापलं जातं. शुल्क ०.१ टक्का लावलेलं असेल तर १,००० घेतल्यावर हातात ९९९ येतात, एका बिटयूएसडीचं कर्ज उरतं आणि सौदा उघडाच राहतो. १,००१.०१ घ्या, म्हणजे भागेल. बिटयूएसडीला चार दशांश स्थळं आहेत. ०.०००१ जरी शिल्लक राहिलं तरी यंत्रणेच्या दृष्टीने ते कर्जच.

दुसरं म्हणजे भाव. बाजारात बिटयूएसडी नेहमी एक डॉलरलाच मिळेल असं नाही. घसरणीत सगळे कव्हर करायला निघाले की तो १.०४, १.०६ ला जातो. शॉर्ट करताना चढा भाव मिळाला असेल तर तो तुमच्या खिशात पडलाय. परत घेताना चढा असेल तर खिशातून जाणार. म्हणून १.०५ ला विकायला आणि १.०० जवळ परत घ्यायला मिळालं, तर बीटीएस जागचा न हलताही पाच टक्के सुटतात. बरेच जाणकार शॉर्ट याचसाठी करतात, तेजीसाठी नाही. विकून आलेले बीटीएस ते पुन्हा तारणात टाकतात: ५०,००० चे ७०,००० होतात, गुणोत्तर २.५ चं ३.५, आणि कॉल ०.०३५ वरून थेट ०.०२५ ला जातो.

आणि भारतात राहून करत असाल तर कराचं आधी बघा. आभासी डिजिटल मालमत्तेच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के, आणि एका सौद्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. चार वेळा पाच-पाच टक्के कमावून एकदा कॉल खाल्लात, तरी कर त्या चार नफ्यांवर लागणारच.

---

ओसरीवरचा

शेवटचं विचारतो. विकून आलेले बीटीएस तारणात टाकून पुन्हा उधार घेतलं, ते पुन्हा विकलं, असं किती वेळा करता येतं?

---

गणिती_काका

गुणोत्तर १.७५ च्या वर ठेवून हवं तेवढ्या वेळा. प्रत्येक फेरीत कर्ज वाढतं, गुणोत्तर घटतं. ५०,००० स्वतःचे असतील आणि विक्रीचे सगळे बीटीएस तारणात घातले, तर गुणोत्तर = (५०,००० + कर्ज) ÷ कर्ज, कर्ज बीटीएसमध्ये मोजून. कर्ज २०,००० असेल तर ३.५, ४०,००० असेल तर २.२५, ५०,००० असेल तर २. १.७५ ला कर्ज ६६,६६७ वर जातं, आणि तिथे फीडने पापणी लवली की कॉल. बिटयूएसडी विकताना बुक रिकामं करत जात असल्याने प्रत्येक फेरीचा भावही आधीपेक्षा वाईट मिळतो, तो या सूत्रात धरलेला नाही. ४०,००० च्या पुढे जाऊ नका. आणि जाणारच असाल तर वर सांगितलेलं लक्ष्य गुणोत्तर आधी लावा, मग पुढची फेरी.